सांध्याशेजारचा गंज

भांडे विकत घेताना ते वाजवून घ्यावे, हा आपल्या आजी-पणजींचा दंडक. मडके असो की पितळी हंडा, बोटाच्या पेराने टिचकी मारावी. आवाज खणखणीत आला तर दाम मोजावेत, बद्द आला तर दुकानदाराला रामराम करून पुढच्या दुकानाची पायरी चढावी. या दंडकाची आठवण मला सुमारे बारा वर्षांपूर्वी एका सरकारी कारखान्याच्या आवारात झाली. मी तेव्हा खरेदी विभागात होतो. समोर नत्राम्लाची एक मोठी टाकी होती आणि ती गळत होती. टाकी स्टेनलेस स्टीलची, म्हणजे जिला गंज चढू नये म्हणूनच जादा पैसे मोजून घेतलेली. आणि दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच तिच्या बुडाशी आम्ल पाझरू लागले होते. त्या आम्लाने एका कामगाराची दोन्ही पावले भाजली होती. तो इस्पितळात होता, आणि त्याच्या निमित्ताने उघडलेली फाइल माझ्या टेबलावर होती.

तपासणीला आलेल्या अभियंत्याने खिशातून एक लहानशी हातोडी काढली आणि पत्र्याच्या मध्यावर हलकेच मारली. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद उमटला. मग त्याने हातोडी सरकवत सरकवत जोडाच्या दिशेने आणली. जोडापासून बोटभर अंतरावर नाद एकाएकी मेला. ओल्या लाकडावर मारावे तसा आवाज आला. पुन्हा खुद्द जोडावर मारली, तर नाद परत आला. त्याने चाकूच्या टोकाने ती बोटभर पट्टी खरवडली, तेव्हा धातूचे बारीक कण साखरेच्या दाण्यांसारखे हातावर सांडले. पत्रा झिजून पातळ झालेला नव्हता, तांबडा गंजही दिसत नव्हता. वरून पाहता तो धडधाकट होता. आतून मात्र त्याचे दाणे एकमेकांपासून सुटले होते.

मग सुरू झाला दोषाचा शोध. वेल्डिंग करणारा कंत्राटदार म्हणाला, "साहेब, माझा सांधा बघा. तो शाबूत आहे. खराब झाला तो तुमचा पत्रा." पत्रा पुरवणाऱ्याने रासायनिक पृथक्करणाचा दाखला पुढे केला, अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल, सारे मागणीबरहुकूम. दोघेही खरे बोलत होते. अधिक चौकशी करता असे निघाले की, चार महिन्यांपूर्वीही अशीच गळती लागली होती आणि त्या जागी वेल्डिंगचा एक टाका घालून ती थांबवली होती. आता गळत होते ते त्या नव्या टाक्याच्या शेजारून. म्हणजे औषधानेच नवे दुखणे आणले होते. मी इतिहास घेऊन एम. ए. झालेला मनुष्य, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपलेला. परंतु एका गोष्टीचा इतिहास समजल्याशिवाय तिची जबाबदारी ठरवता येत नाही, ही माझी जुनी खोड. त्या फाइलीच्या निमित्ताने जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या कथेचा आरंभ शोधू गेले तर तो, आश्चर्य वाटेल, आपल्या मुंबईपर्यंत येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट या नावाचे एक स्कॉटिश वैद्य होते. त्यांनी दक्षिण भारतात तयार होणाऱ्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्या पोलादावर निबंध वाचला. या पोलादाची धार पाहून लंडनचा एक निष्णात कारागीर, जेम्स स्टोडार्ट, चकित झाला. शस्त्रवैद्यांची हत्यारे बनवणे हा त्याचा व्यवसाय. पुढे त्याला एक तरुण सहकारी मिळाला. त्याचे नाव मायकेल फॅरडे. हिंदी पोलादाचे मर्म काय, दुसऱ्या कोणत्या धातू मिसळल्या असता तसे पोलाद करता येईल, याचा ध्यास घेऊन या दोघांनी १८२० आणि १८२२ साली पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध प्रसिद्ध केले. त्यांनी लोखंडात प्लॅटिनम घातले, चांदी घातली, आणि तेव्हा नव्यानेच सापडलेले क्रोमियमही घातले. वूट्झचे रहस्य त्यांना पूर्णपणे उलगडले नाही. परंतु पोलादात परके धातू मिसळून त्याचे गुण पालटता येतील ही वाट त्यांनी पाडली. त्याच सुमारास, १८२१ मध्ये, फ्रान्समध्ये प्येर बेर्तिए याने नमूद केले की क्रोमियम मिसळलेले लोखंड आम्लांना बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि त्याच्या सुऱ्या चांगल्या होतील. म्हणजे कल्पना होती, धातूही होती. तरी स्टेनलेस स्टील यायला आणखी नव्वद वर्षे लागली.

नव्वद वर्षे का लागली? या प्रश्नाच्या उत्तरातच आमच्या गळक्या टाकीचे उत्तर दडलेले आहे. त्या काळी क्रोमियम मिळवायचे ते कोळशाच्या साहाय्याने, त्यामुळे त्याच्याबरोबर लोखंडात भरपूर कार्बन शिरे. कार्बन आणि क्रोमियम यांची ओढ एवढी जबर की दोघे भेटताच एकमेकांना मिठी मारतात, आणि गंजापासून रक्षण करायला मोकळे क्रोमियम शिल्लक उरतच नाही. संशोधक क्रोमियम वाढवत होते, आणि कार्बन मुकाट्याने ते गिळत होता. १८९२ साली शेफील्डचे सर रॉबर्ट हॅडफील्ड यांच्यासारख्या थोर धातुशास्त्रज्ञाने तर क्रोमियममुळे पोलादाची गंजरोधकता कमीच होते, असा निष्कर्ष काढला. त्यांनी कसोटीला घेतले होते पन्नास टक्के गंधकाम्ल. आणि नेमके तेच आम्ल या पोलादाला मानवत नाही. नत्राम्ल घेतले असते तर कदाचित इतिहास निराळा झाला असता. कसोटी चुकली की निकाल चुकतो, हे आम्हा कचेरीतल्या लोकांनाही परिचयाचे आहे.

हेच हॅडफील्ड पुढे वीस वर्षांनी, १९१२ साली, दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लोखंडाचे पृथक्करण करताना दिसतात. कुतुबमिनाराच्या आवारातील तो स्तंभ सात मीटरहून उंच आणि वजनाने सहा टनांहून अधिक. आणि श्रोत्यांपैकी ज्यांनी तो पाहिला असेल त्यांच्या ध्यानात कदाचित आले नसेल की, तो एकसंध ओतलेला नसून लोखंडाचे तापलेले गोळे घणाने एकमेकांत ठोकून जोडलेला आहे. म्हणजे तोही एका अर्थी वेल्डिंगचाच नमुना. सोळाशे वर्षे तो उन्हापावसात उभा आहे. त्यात क्रोमियम नाही. आजच्या लोखंडाच्या मानाने त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पुष्कळ आहे, आणि त्याच्या योगाने पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर जमला, असे कानपूरच्या आय. आय. टी.तील प्रा. बालसुब्रमण्यम यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत दाखवून दिले. तेव्हा लोहस्तंभ हा स्टेनलेस स्टीलचा पूर्वज, असे जे कधीकधी अभिमानाने बोलले जाते ते खरे नव्हे. त्याचा मार्ग वेगळा, कुळ वेगळे.

ज्या वर्षी हॅडफील्ड लोहस्तंभाकडे वळले, त्याच १९१२ साली जर्मनीत एसेन येथील क्रुपच्या कारखान्यात बेन्नो स्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांच्या संशोधनावर दोन पेटंटे मागण्यात आली. त्याआधी हान्स गोल्डश्मिट याने अ‍ॅल्युमिनियमच्या साहाय्याने कार्बनविरहित क्रोमियम काढण्याची रीत शोधली होती. आणि आखेन येथे फिलिप मोन्नार्ट्झ याने सुमारे बारा टक्के क्रोमियम ही मर्यादा ओलांडली की लोखंड आम्लात एकदम निष्क्रिय होते, हे १९११ साली प्रसिद्ध केले होते. बारा टक्के हा आकडा ध्यानात ठेवावा. तो पुन्हा लागणार आहे. एसेनच्या पोलादात क्रोमियमबरोबर निकेल होते. ते मऊ, चिवट, वाकवता येणारे आणि जोडता येणारे होते. त्याला त्यांनी 'व्ही टू ए' असे रुक्ष नाव दिले.

इंग्लंडात त्याच सुमारास हॅरी ब्रिअर्ली हा शेफील्डच्या एका पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा मुलगा, स्वतःच्या हिमतीवर प्रयोगशाळेचा प्रमुख झालेला, बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा शोध घेत होता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यावर आम्ल लावले तर ते चढेना. ब्रिअर्लीच्या मनात बंदुकीची नळी मागे पडली आणि जेवणाच्या टेबलावरची सुरी पुढे आली. सुरी बनवणाऱ्यांनी प्रथम त्याची थट्टाच केली. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरीवाल्याने व्हिनेगारची कसोटी घेतली आणि 'डाग न पडणारे' या अर्थाचा 'स्टेनलेस' हा शब्द त्याने रूढ केला. शोधाचे श्रेय कोणाचे यावरून ब्रिअर्लीचे आपल्या मालकांशी बिनसले आणि १९१५ साली त्याने ती प्रयोगशाळा सोडली. जर्मन, इंग्रज, अमेरिकन असे अनेक हक्कदार या शोधाला आहेत. तो वाद आपल्याला येथे नको. आपल्या विषयाला महत्त्व आहे ते एवढ्याचे की, ब्रिअर्लीचे पोलाद सुरीचे होते आणि एसेनचे पोलाद टाकीचे. जोडकामाचा प्रश्न उभा राहिला तो या दुसऱ्या पोलादापुढे.

पहिल्या महायुद्धानंतर रासायनिक कारखान्यांना या पोलादाची मोठी तहान लागली. हवेतल्या नत्रापासून अमोनिया आणि अमोनियापासून नत्राम्ल बनवण्याची विद्या हाती आली होती; खतालाही ते हवे आणि दारूगोळ्यालाही हवे. नत्राम्लाला पुरून उरेल असे पोलाद म्हणजे वरदानच. १९२४ च्या सुमारास ब्रिअर्लीच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफील्ड यांनी अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असे प्रमाण रूढ केले. आजही आपण दुकानात 'अठरा-आठ' म्हणतो ते हेच. मोठमोठ्या टाक्या, नळ, मनोरे उभे राहू लागले. आणि ते जोडायला रिबिटांच्या जागी विजेच्या ठिणगीचे वेल्डिंग आले. मग थोड्याच दिवसांत ठिकठिकाणांहून तक्रारी येऊ लागल्या. पोलाद टिकते, सांधाही टिकतो. परंतु सांध्याच्या दोन्ही बाजूंना, त्यापासून थोड्या अंतरावर, समांतर अशा दोन रेषांत धातू कुजते. इंग्रज लोकांनी या रोगाला 'वेल्डची कूज' असेच नाव ठेवले. नाव थोडे अन्यायाचे आहे. आमच्या कंत्राटदाराने मांडलेले गाऱ्हाणे त्या नावातही लपलेले आहे, कारण वेल्ड बिचारे कुजत नाही, कुजतो तो शेजारी.

याची मीमांसा १९३० साली बेन्नो स्ट्राउस, शॉट्की आणि हिन्न्यूबर यांनी केली. पुढे अमेरिकेत १९३३ साली एडगर बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अधिक काटेकोर केली. ती सोप्या भाषेत अशी. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही तो त्यातील क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार करते म्हणून. हा पापुद्रा मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ. खरवडला तर आपला आपण पुन्हा जमतो. अट एकच: त्या जागी बारा टक्क्यांच्या आसपास तरी क्रोमियम हवे. आता पोलाद हे वरून गुळगुळीत दिसले तरी आत असंख्य स्फटिककणांचे बनलेले असते. गारेगार केलेल्या तुपाचा रवा पाहावा तसे. त्या कणांमध्ये थोडासा कार्बन विरघळून असतो. पोलाद एक हजार अंशांहून अधिक तापवून झटकन थंड केले तर तो कार्बन जागच्या जागी कोंडला जातो आणि कोणाला उपद्रव देत नाही. परंतु तेच पोलाद साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान रेंगाळले, तर कार्बन जागा होतो. तो चपळ आहे. भराभर कणांच्या सीमेवर येऊन जमतो, आणि तेथे क्रोमियमला पकडून कार्बाइड बनवतो. एक भार कार्बन सुमारे सोळा भार क्रोमियम अडकवून ठेवतो. क्रोमियम जड आणि संथ. दुरून धावून येणे त्याला जमत नाही. म्हणून सीमेलगतचे होते नव्हते तेवढे खर्ची पडते, आणि प्रत्येक कणाभोवती क्रोमियमचा दुष्काळ पडलेली एक अरुंद पट्टी उरते.

कोणी हिशेबी मनुष्य विचारील की, ०.०८ टक्के कार्बनने सोळापट म्हणजे जेमतेम सव्वा टक्का क्रोमियम गिळले, तर अठरातून सव्वा वजा जाता पावणेसतरा उरतातच की! हिशेब बरोबर आहे, पण तो जिल्ह्याचा आहे. ज्यांनी टंचाईच्या वर्षी महसुलाचे काम पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल की, जिल्ह्याच्या कोठारात धान्य पुरेसे असते आणि तरी वाटेवरचे एखादे गाव उपाशी असते. पत्र्याच्या पृथक्करणात अठरा टक्के क्रोमियम दिसत होते ते सबंध जिल्ह्याचे. आम्ल शिरले ते त्या उपाशी गावातून. पुरवठादाराचा दाखला खोटा नव्हता. तो फक्त चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत होता.

आणि ही कूज सांध्यापासून बोटभर दूर का? सांधा स्वतः वितळून पुन्हा गोठतो आणि त्या वाईट टप्प्यातून लवकर खाली उतरतो. अगदी दूरचा पत्रा तेवढा तापतच नाही. मधली एक पट्टी मात्र अशी असते की जी नेमकी सहाशे-सातशे अंशांवर पुरेसा वेळ राहते. पत्रा जितका जाड, वेल्डिंगचे थर जितके अधिक, तितकी ती पट्टी अधिक वेळ शेकली जाते. आमच्या टाकीवर दुरुस्तीचा टाका घातला तेव्हा त्याने जुनी जखम शिवली आणि शेजारी नवी पट्टी शेकून ठेवली. मला हे कळले तेव्हा त्या टाका घालणाऱ्या वेल्डरविषयीचा माझा राग गेला. त्याचा हात उत्तमच होता.

क्रोमियमच्या या दुष्काळाची कल्पना तर्काने मांडलेली होती. कणांच्या सीमेवरचा तो पट्टा इतका अरुंद की तेथले क्रोमियम प्रत्यक्ष मोजण्याचे साधन नव्हते, आणि त्यामुळे निराळी मते मांडणारेही पुष्कळ होते. प्रत्यक्ष मोजमाप झाले ते १९७० नंतर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने. आणि तर्क खरा ठरला. चाळीस-पन्नास वर्षे जगातले कारखाने एका न पाहिलेल्या गोष्टीवर विसंबून चालले होते, हे मला या इतिहासातले सर्वांत मनोरम पान वाटते.

रोग कळल्यावर उपाय निघाले, आणि ते एकाच दिशेने गेले नाहीत. सर्वांत साधा उपाय म्हणजे जोडलेली वस्तू पुन्हा एक हजार पन्नास अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवणे. लहान वस्तूला हे ठीक. परंतु दुमजली घराएवढी टाकी भट्टीत घालणार कोण, आणि बुडवणार कोणत्या विहिरीत? दुसरा उपाय कार्बनला दुसरा जोडीदार मिळवून देण्याचा. टायटॅनियम आणि कोलंबियम या धातूंना कार्बनची ओढ क्रोमियमहूनही अधिक. कार्बनच्या पाचपट टायटॅनियम किंवा आठ-दहापट कोलंबियम घातले की कार्बन त्यांच्यातच गुंतून पडतो आणि क्रोमियम मोकळे राहते. टायटॅनियम ठिणगीत बरेचसे जळून जाते, म्हणून वेल्डिंगच्या सळईत कोलंबियम वापरण्याची चाल पडली. (या कोलंबियमला पुढे आंतरराष्ट्रीय संमतीने नायोबियम म्हणू लागले; पोलादवाले मात्र कित्येक वर्षे जुनेच नाव चालवत राहिले.) हा उपायही सर्वस्वी निर्धोक निघाला नाही. सांध्याला अगदी चिकटलेल्या सुरीच्या धारेएवढ्या पट्टीत उष्णता एवढी चढते की हे नवे संसारही मोडतात, आणि वस्तू पुन्हा तापली तर तेथे कूज शिरते. १९५० च्या सुमारास हे उघडकीला आले.

तिसरा उपाय अमेरिकेतला आणि मोठा चातुर्याचा. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कंपनीला या पोलादाचे आगगाडीचे डबे बनवायचे होते. त्यांचे अभियंते अर्ल रॅग्सडेल यांनी विचार केला की कार्बनला चालायला वेळ लागतो, तर आपण तो वेळच देऊ नये. दोन पत्रे विजेच्या प्रवाहाने सेकंदाच्या अल्पशा अंशात जोडायचे, आणि कार्बन जागा होण्याआधी ती जागा थंड झालेली असली पाहिजे. १९३१ साली त्यांनी या रीतीने एक विमान बनवले. त्याची काया फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या बाहेर उघड्यावर कित्येक दशके उभी राहिली. २६ मे १९३४ रोजी त्यांची 'झेफर' ही रुपेरी गाडी डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि हजारांवर मैल तोडून त्याच दिवशी सायंकाळी शिकागोला पोहोचली. लोकांनी तिचा वेग पाहून टाळ्या वाजवल्या. तिच्या अंगावरचे हजारो टाके याहूनही किती घाईने घातले होते, ते टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

परंतु जाड पत्र्याला ही युक्ती लागू पडत नाही. तेथे खरा उपाय कार्बनच काढून टाकण्याचा. ०.०८ च्या जागी ०.०३ टक्के कार्बन ठेवला तर कूज सुरू व्हायला मिनिटांऐवजी तास लागतात, आणि वेल्डिंग तर मिनिटांतच उरकते. हे ज्ञान जुनेच. अडचण होती ती खर्चाची. वितळलेल्या पोलादात प्राणवायू फुंकून कार्बन जाळू गेले की महागडे क्रोमियमही त्याच्याबरोबर जळे. १९५४ साली युनियन कार्बाइडचे तरुण संशोधक विल्यम क्रिव्हस्की यांना प्रयोगात दिसले की, प्राणवायूत आर्गॉन हा उदासीन वायू मिसळला तर कार्बन जळतो आणि क्रोमियम वाचते. प्रयोगशाळेतली ही गोष्ट कारखान्यात उतरायला १९६७ साल उजाडले. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे या रीतीने पहिले पोलाद निघाले. त्यानंतर अल्प-कार्बन स्टेनलेस स्टील स्वस्त झाले, आणि ही चैन सर्वसामान्य झाली. तेव्हा आमच्या टाकीच्या बाबतीत 'असे पोलाद मिळत नव्हते' अशी सबब सांगण्याची सोय कोणालाच नव्हती.

स्वस्त झाले म्हणजे सर्वत्र वापरले गेले असे मात्र नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत ड्रेस्डेन येथील अणुभट्टीच्या नळांत वेल्डिंगच्या जवळ भेगा आढळल्या. आणि १९७५ च्या आरंभी तेथील नियामक संस्थेने त्या जातीच्या तेवीस अणुभट्ट्या बंद करून नळ तपासण्याचा हुकूम दिला. त्या नळांतून आम्ल वाहत नव्हते. अत्यंत शुद्ध पाणी वाहत होते. परंतु त्या पाण्यात किंचित प्राणवायू होता, वेल्डिंगने सांध्याशेजारी ताण ठेवला होता, आणि कणांच्या सीमांवर तोच जुना दुष्काळ होता. तिन्ही एकत्र आली तेव्हा पाण्यानेही पोलाद चिरले. १९८२ साली न्यूयॉर्क राज्यातील नाइन माइल पॉइंट येथे तर अठ्ठावीस इंच व्यासाच्या मुख्य नळांना भेगा सापडल्या आणि ते बदलावे लागले. पुढे ०.०२ टक्के कार्बनचे आणि थोडा नत्र मिसळलेले पोलाद अशा कामाला नेमण्यात आले. आपल्या तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच जातीच्या, पाणी थेट भट्टीतच उकळवणाऱ्या. त्यामुळे ही वार्ता आपल्यालाही परक्या देशाची नव्हती. स्ट्राउस यांचा निबंध प्रसिद्ध होऊन तोवर चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

स्वयंपाकघराला या रोगाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पत्रा पातळ, जोड क्षणात पडतो, आणि ताक-चिंच म्हणजे काही उकळते नत्राम्ल नव्हे. डब्याच्या कडीपाशी कधी तांबूस ठिपका दिसतो, त्याचे कारण बहुधा वेल्डिंगच्या वेळी चढलेला निळसर-पिवळा रंग नीट साफ केलेला नसतो, किंवा कारागिराने साध्या लोखंडी तारेच्या ब्रशाने घासताना लोखंडाचे कण मागे ठेवलेले असतात. क्रोमियम असलेल्या पृष्ठभागाला तो रंग काढून, आम्लाने धुऊन, उघडे करावे लागते. मग तो आपला पापुद्रा आपण विणतो. भांडी कल्हईविना चालू लागली आणि कळकलेल्या आमटीची धास्ती गेली, हे या धातूचे उपकार मी तरी विसरणार नाही.

आता त्या फाइलीकडे वळतो. कंत्राटदार सुटला, पुरवठादार सुटला. मग मी मूळ निविदा काढून वाचली. तीत पत्र्याची जाडी होती, टाकीचे माप होते, रंग द्यावयाच्या शिडीचे वर्णन सुद्धा होते. पोलादाविषयी दोनच शब्द होते: 'स्टेनलेस स्टील'. कार्बन किती असावा, वेल्डिंगनंतर कोणती कसोटी घ्यावी, याविषयी एक अक्षर नव्हते. स्ट्राउस यांची मोरचूद आणि गंधकाम्लात उकळून वाकवण्याची कसोटी आहे. ह्यूई यांची उकळत्या पासष्ट टक्के नत्राम्लात अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांच्या पाच फेऱ्यांची कसोटी आहे. दोन्ही १९३० च्या आसपासपासून जगाला ठाऊक आहेत. निविदेखाली सही माझी होती. फाइलीवर मी तसे लिहिले. वरिष्ठांनी समज दिली आणि प्रकरण मिटवले. कामगाराला भरपाई मिळाली, ती त्याच्या पायांच्या मानाने अपुरी होती.

नव्या टाकीच्या निविदेत मी कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसावा असे घातले आणि वेल्ड केलेल्या तुकड्यावर नत्राम्लाची कसोटी मागितली. लेखा शाखेने विचारले की, जुन्या टाकीहून जादा पडणाऱ्या खर्चाचे समर्थन काय. मी इस्पितळाचे बिल जोडून पाठवले. टाकी आली त्या दिवशी तो कामगार कामावर परतला होता, थोडा लंगडत. कसोटीचा अहवाल माझ्या हातात होता. त्याने मात्र फिटरची हातोडी मागून घेतली, टाकीभोवती फिरला आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना कान लावून ठोकून पाहिले. नवी टाकी खणखणीतच वाजणार, जुनीही पहिल्या दिवशी अशीच वाजली असती, हे मला तोपर्यंत ठाऊक झाले होते. पण मी त्याला थांबवले नाही. त्याची फेरी पुरी झाल्यावर त्याने मान हलवली, आणि मग मी पावतीवर सही केली.